न पाहिलेले साठ बुश

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी बसवनगुडीतल्या आमच्या गॅलरीत ओल्या शेंगा सोलत बसले होते. "शैलाताई, तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा ना. गेल्या वर्षी डॉक्टरांनी लिहिलं, त्याआधी पोस्टमास्तरांनी. लोकांना फार आवडतं." मी म्हटलं, "बाई, डॉक्टरांकडे रोगी येतात, पोस्टमास्तरांकडे पत्रं येतात. माझ्याकडे नुसते रकाने होते." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग रकान्यांबद्दल लिहा." बोलून बसल्या बिचाऱ्या. आता भोगा.

पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं काढली. आमच्याकडे पंपात बसणारे बुश बनायचे. बुश म्हणजे धातूची आखूड, पोकळ नळी. पंपाचा दांडा तिच्या आत फिरतो. बुश बनवणं माझं काम नव्हतं. लेथवर मी एकदाच हात ठेवला आणि ओरडा खाल्ला. माझं काम स्प्रेडशीटचं. मोजमापांची शीटं, हजेरीची, स्टोअरची, कँटीनची, जिथे म्हणून आडव्या-उभ्या रेघा होत्या तिथे मी होते. मी मूळची निपाणीची, त्यामुळे घरात मराठी, शाळेत मराठी आणि बाजारात कन्नड. कारखान्यात कुणाशी बोलायची अडचण कधी आली नाही. सगळे मला 'इफ अक्का' म्हणायचे. समोर म्हणायचे, पाठीमागे काय म्हणायचे ते मी कधी शोधलं नाही.

'इफ' म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्प्रेडशीटच्या रकान्यात आकडे लिहितात हे सगळ्यांना माहीत असतं. पण रकान्यात प्रश्नही लिहिता येतो. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच येईल. मग आपण सांगून ठेवायचं, हो असेल तर हे दाखव, नाही असेल तर ते दाखव. दूध वर आलं तर गॅस बंद कर, नाहीतर ढवळत राहा. संपलं इफ. शिकायला दहा मिनिटं लागतात. मला मात्र त्याचं जे कुतूहल लागलं ते आजतागायत सुटलेलं नाही. एवढ्याशा खिडकीतून जगातलं किती दिसतं, आणि काय काय दिसत नाही?

ही खोडच लागली. कुठलाही नियम ऐकला की मी मनात त्याचा फॉर्म्युला करायला घेते. आमच्या रस्त्यावरचा रिक्षावाला पीण्याला यायला कधी तयार होतो, याचा मी कित्येक आठवडे अभ्यास केला. पाऊस नसेल, परतीची सवारी मिळायची वेळ असेल, आणि मी कन्नडमधून विचारलं असेल, तर येतो. तिन्ही गोष्टी जुळायला लागतात. एक जरी हुकली तरी मान नकारार्थी हलते आणि रिक्षा पुढे जाते. याला आमच्या भाषेत 'अँड' म्हणतात. अनेक प्रश्न, सगळ्यांची उत्तरं हो आली तरच हो. यांपैकी एकाला हो आलं तरी चालत असेल तर ते 'ऑर'.

या दोघांत मी एकदा गफलत केली आणि पंधरा माणसांचं जेवण बिघडवलं. ऑफिसमधून निरोप आला, मधुमेहवाले आणि सोमवारचा उपवास करणारे, यांचं ताट वेगळं करायचंय, यादी द्या. मी घातलं 'अँड'. यादीत एकच नाव आलं, मालकांचे ड्रायव्हर शिवण्णा. दोन्ही गोष्टी असलेला कारखान्यातला तेवढाच एक माणूस. त्या सोमवारी आचाऱ्याने एकच खास ताट मांडलं आणि शिवण्णांना जावयासारखं वाढलं. बाकीचे पंधरा जण भात-सांबार समोर घेऊन माझ्या नावाने बोटं मोडत बसले. आपण बोलताना दोन्ही गट मिळून म्हणतो. मशीन दोन्ही अटी एकाच माणसात शोधतं. शिवण्णा मात्र पुढे कित्येक महिने विचारायचे, "अक्का, परत तसली यादी कधी?"

आणखी एक गिऱ्हाईक आठवतं, स्टोअर सांभाळणारे पै मामा. तेलाचे पिंप किती उरले त्यावरून 'मागवा' किंवा 'नको' असं दाखवणारं शीट मी त्यांना करून दिलं. दोन दिवसांनी मामा चष्मा पुसत आले. "शैला, यात एक 'बहुतेक' घाल." मी म्हटलं, "मामा, मशीनला बहुतेक कळत नाही. हो नाहीतर नाही." मामा म्हणाले, "मग त्याला अजून पुष्कळ शिकायचंय." मी टेबलाशी येऊन पोट धरून हसले. आज हसत नाही. का, तेच सांगायला बसले आहे.

आमच्याकडे मोजणीला बसवराज नावाचे निरीक्षक होते. अथणीकडचे, घरी मराठी बोलणारे, पण बोलण्याला कन्नडचा वळसा. सगळे त्यांना बसण्णा म्हणत. बुशाचं भोक पूर्ण गोल असावं लागतं. ते किंचित जरी लांबट झालं तरी पंपाचा दांडा अडकतो. म्हणून बसण्णा प्रत्येक बुशात बोअर गेज नावाचं उपकरण घालून दोन दिशांनी माप घ्यायचे आणि त्या दोन मापांतला फरक पेन्सिलीने कागदावर लिहायचे. फरक मायक्रॉनमध्ये. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. आमच्या बुशाला वीसपर्यंत माफी होती. वीसपर्यंत ओके, वर गेला की रिजेक्ट. संध्याकाळी कागद माझ्या टेबलावर, सकाळी मी आकडे शीटमध्ये भरायचे, शेजारच्या रकान्यात माझा इफ निकाल द्यायचा. ओके असेल तर हिरवा, रिजेक्ट असेल तर लाल. त्याचं प्रिंट पॅकिंगला जायचं आणि पॅकिंगवाले हिरवे बुश खोक्यात भरायचे.

निरीक्षकांची एक जुनी रीत होती. प्रत्येकाकडे स्वतःच्या नंबरचा पोलादी शिक्का असायचा. बसण्णांचा सात नंबर, बावीस वर्षं तोच, खिशात फडक्यात गुंडाळलेला. काम सुरू करताना ते कोऱ्या कागदाच्या डोक्यावर शिक्का मारायचे. शेवटी नाही, सुरुवातीला. हा कागद माझा, यावर जे लिहिलं जाईल त्याला मी जबाबदार, असा त्याचा अर्थ. आणि एखाद्या बुशाचं माप घेता आलं नाही तर तिथली जागा कोरी सोडायची. कोरी जागा म्हणजे थांबा. तो बुश टेबलाखाली राहायचा. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं म्हणून लिहायचं कुणाला सुचलं नाही.

एका बुधवारी दोनशे बुशांचा लॉट चालू होता. एकशेचाळीस मोजून झाले आणि बोअर गेज स्वतःच्या तपासणीसाठी बाहेर गेलं. मापणाऱ्यालाही अधूनमधून मापावं लागतं. बसण्णांनी उरलेल्या साठ बुशांपुढे जागा कोरी ठेवली, ट्रे टेबलाखाली सरकवले आणि भाचीच्या लग्नाला दोन दिवस अथणीला गेले.

गुरुवारी सकाळी मी कागद भरायला घेतला. एकशेचाळीस आकडे भरले. खाली साठ कोऱ्या जागा. मी त्या पाहिल्या. खोटं कशाला बोलू, चांगल्या पाहिल्या. पण शेजारी दोनशेच्या दोनशे रकाने हिरवे झाले होते आणि माझा डोळा तिकडे गेला. कुठल्याही लॉटमध्ये चार-पाच तरी लाल निघतातच. अख्खं हिरवंगार शीट मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. मला इतका आनंद झाला की मी निनादला हाक मारली. निनाद म्हणजे आमचा नवा क्वालिटी मॅनेजर, पुण्याहून वर्षापूर्वी आलेला, पोरगा हुशार. तो म्हणाला, "वॉव शैलाताई, हंड्रेड पर्सेंट! हे मी सरांना फॉरवर्ड करतो." त्याने फोटो काढला. प्रिंट पॅकिंगला गेलं. पॅकिंगवाल्यांनी टेबलाखालचे ट्रे ओढले आणि माल बोम्मसंद्र्याच्या पंपवाल्यांकडे रवाना झाला.

दहा-बारा दिवसांनी, एका सोमवारी, तिकडून फोन आला. चाचणीत नऊ पंप अडकले होते. नऊही पंपांचे बुश लांबट.

निनादने फाईल काढून कागद पाहिला. डोक्यावर सात नंबरचा शिक्का, खाली साठ कोऱ्या जागा. त्याच्या दृष्टीने गोष्ट सरळ होती. माणसाने माप घेतलं नाही आणि शिक्का मारून मोकळा झाला. त्याने बसण्णांना बोलावलं. बसण्णा म्हणाले, "सर, कोरं सोडलंय म्हणजे थांबा म्हणून की." निनाद म्हणाला, "कुठे लिहिलंय हे? मला डॉक्युमेंट दाखवा." डॉक्युमेंट नव्हतंच. निनादने शिक्का मागून घेतला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. शुक्रवारी अकरा वाजता मालकांसमोर मीटिंग ठरली, बसण्णांना ठेवायचं की काढायचं ते तिथे ठरणार. तोवर त्यांनी पॅकिंगमध्ये खोकी बांधायची.

बसण्णांच्या निवृत्तीला आठ महिने होते. न मोजता शिक्का मारला म्हणून काढलेल्या निरीक्षकाला पीण्यात कुणी दारात उभं करत नाही. पण त्याहून वाईट वाटलं ते खिशाकडे पाहून. शिक्का दिल्यावरही त्यांचा हात दर थोड्या वेळाने खिशाकडे जायचा आणि परत यायचा.

मंगळवारी सकाळी मला राहवेना. मी बसण्णांना ओळखत होते. एका आकड्यासाठी तीनदा बुश हातात घेणारा माणूस. त्यांनी कोरं सोडलं होतं, तर मग ओके आलं कुठून? मी जुनं शीट उघडलं आणि एका कोऱ्या ओळीवर गेले. फॉर्म्युला माझाच, अकरा वर्षांपूर्वी लिहिलेला. फरक वीस किंवा त्याहून कमी असेल तर ओके, नाहीतर रिजेक्ट. त्यात चूक काही दिसेना. मग मी प्रयोग सुरू केले. एका भरलेल्या रकान्यातला आकडा पुसला. ओके तसंच राहिलं. म्हटलं, गंमत आहे. त्याच रकान्यात नुसता स्पेसबार दाबला. रिजेक्ट! डोळ्यांना दोन्ही रकाने सारखेच रिकामे. एक पास, एक नापास. 'नाही' असा शब्द लिहिला. रिजेक्ट. शून्य लिहिलं. ओके. पुसलं. ओके.

मी तासभर खेळत बसले. चहा गार झाला. मला खरोखर मजा येत होती, हे लिहायला आज लाज वाटते. कारण उलगडलं ते असं. तुलना करायला सांगितली की मशीन रिकाम्या रकान्याला शून्य समजतं आणि अक्षर दिसलं, मग ते न दिसणारं का असेना, तर त्याला कुठल्याही आकड्याहून मोठं समजतं. इथे शून्य म्हणजे दोन्ही मापांत काहीच फरक नाही. म्हणजे ज्या साठ बुशांकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, ते माझ्या शीटच्या हिशेबाने आमच्या कारखान्यात आजवर बनलेले सर्वांत गोल बुश होते.

हे सुचलं आणि मी मोठ्याने हसले. हसता हसताच लक्षात आलं की हे मी केलंय.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. रकाना रिकामा आहे का, एवढंच विचारणारं एक वेगळं फंक्शन असतं. तो प्रश्न आधी विचारायचा. रिकामा असेल तर 'पाहिलं नाही' असं लिहायचं आणि रकाना करडा करायचा. मगच वीसची तुलना. मी ते घातलं, सेव्ह केलं, आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

का सांगितलं नाही? भीती. निनाद महिनाभर आधीच म्हणाला होता की ही सगळी शीटं काढून नवीन सॉफ्टवेअर आणायचंय. मला वाटलं, इफ अक्काचा इफच चुकला म्हटल्यावर माझं उरलं काय? मग मन वकिली करायला लागलं. बसण्णांनी 'मोजलं नाही' असं लिहायला काय जात होतं? शिक्का आधी मारायची ही कुठली पद्धत? सुट्टीवर जाताना मला एक शब्द सांगितला असता तर? माणूस स्वतःला वाचवायला लागला की किती मुद्दे सुचतात. तेवढे मला एरवी वर्षभरात सुचले नव्हते.

बुधवारी नवीन लॉटचं प्रिंट पॅकिंगला गेलं. बदली निरीक्षकाने त्यात एक ओळ कोरी सोडली होती, ती करडी येऊन गेली. दुपारी मी तिकडून जात होते. बसण्णा खोक्याला पट्टी लावत होते. नेहमीसारखं विचारलं, "अक्का, चा झाला काय?" मी "झाला, झाला" म्हणत जवळजवळ पळालेच.

गुरुवारी मात्र मीच त्यांच्याकडे गेले. कुतूहल म्हणा, किंवा त्यांच्या तोंडून काही चूक निघते का ते पाहायला म्हणा. आतून यातलं दुसरं कारणच खरं होतं.

मी विचारलं, "बसण्णा, कोरं कशाला सोडलं? दोन शब्द लिहायचे होते."

ते म्हणाले, "काय लिहू अक्का? ओके लिहिलो तर खोटं. रिजेक्ट लिहिलो तर त्या बुशावर खोटं. त्यानं काय केलंय बिचाऱ्यानं? मी बघितलोच न्हाई तर माझ्याकडं त्याच्याविषयी सांगायसारखं काय हाय?"

"अहो, पण लोकांना कळायला नको?"

"बावीस वर्षं कळत हुतं की." पट्टी दातांनी तोडत ते म्हणाले, "आता कसं कळंना झालंय, ते मलाबी कळंना."

मला कळत होतं. बसण्णांच्या कागदावर तीन उत्तरं होती. माझ्या शीटमध्ये दोनच. त्यांचं तिसरं उत्तर मी अकरा वर्षं पहिल्यात ओतत होते. एवढ्या वर्षांत असे किती कोरे बुश हिरवे होऊन गेले असतील? बहुतेक वेळा बसण्णा हजर असत आणि ट्रेला कुणाला हात लावू देत नसत, म्हणून निभावलं. त्यांनी दोन दिवस सुट्टी घेतली आणि माझा फॉर्म्युला उघडा पडला.

शुक्रवारी अकराला मी बोलावणं नसताना मीटिंगमध्ये गेले. मालक खुर्चीत, निनाद लॅपटॉपसमोर, बसण्णा भिंतीला लागून उभे. मालक माणूस भला, कमी बोलणारा, कन्नडखेरीज दुसरं काही सहसा न बोलणारा. मी म्हटलं, मला पाच मिनिटं द्या, एक शीट दाखवायचंय. निनाद म्हणाला, "शैलाताई, आत्ता? आपण नंतर बघू ना." मालकांनी हात वर केला. "स्वल्प थांब. बघू दे."

मी एक कोरं शीट उघडलं. एकही आकडा नाही. शेजारच्या रकान्यात माझा अकरा वर्षांचा जुना फॉर्म्युला लिहिला आणि दोनशे ओळी खाली ओढला. पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा झाला. ओके, ओके, ओके.

मालकांनी विचारलं, "हा कुठला लॉट?"

"कुठलाच नाही सर. हे बुश अजून बनलेलेच नाहीत."

निनाद खुर्ची पुढे ओढून पडद्याकडे पाहत राहिला. मग त्याने माझ्याकडून माऊस घेतला, एका रकान्यात पंचवीस लिहिलं, लाल झालं. पुसलं, हिरवं झालं. त्याने तीन वेळा तेच केलं. त्या पोराचा मला तेव्हा पहिल्यांदा लळा लागला. तो म्हणाला, "सर, मीसुद्धा हे हिरवं बघून तुम्हाला फोटो पाठवला होता. मी पण खालचं रिकामं बघितलं नाही."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्हाला कधी समजलं?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. आज सकाळी म्हणता आलं असतं. जीभ तिथवर गेलीही होती. बसण्णा भिंतीशी उभे होते, हात खिशापाशी.

"मंगळवारी," मी म्हटलं.

"आज शुक्रवार आहे," मालक म्हणाले. तेवढंच. पण सव्वीस वर्षांत एवढी बोलणी मी कधी खाल्ली नाहीत. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून मी त्या हिरव्या पडद्याकडे बघत राहिले.

निनादने ड्रॉवरमधून शिक्का आणला आणि बसण्णांसमोर टेबलावर ठेवला. "सॉरी बसण्णा," तो म्हणाला. बसण्णांनी फडकं काढून शिक्का त्यात गुंडाळला, खिशात ठेवला, आणि मला वाटलं आता ते जातील. ते थांबले. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "अक्का, असली शीटं अजून किती हैत?"



त्याचा शोध घ्यायला सहा आठवडे लागले. निनाद आणि मी शेजारी बसून माझी एकूण एक शीटं उघडली. एकेचाळीस निघाली. सातांमध्ये हाच प्रकार. त्यातलं एक आग विझवायच्या नळकांड्यांचं होतं. 'दोष किती' असा रकाना, शून्य असेल तर 'ठीक'. मागच्या शेडमधल्या नळकांड्यांकडे कित्येक महिन्यांत कुणी फिरकलंही नव्हतं, आणि माझं शीट दर आठवड्याला सांगत होतं, ठीक. निनाद माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, हे डेंजरस आहे." मी म्हटलं, "हो रे बाबा, माहीत आहे." आम्ही दोघं लगेच उठून मागच्या शेडमध्ये गेलो आणि नळकांडी स्वतः पाहिली.

मला लेखी समज मिळाली, नोकरीतली पहिली आणि शेवटची. ती मी जपून ठेवली आहे. कोरी जागा म्हणजे थांबा, हा नियम कारखान्याच्या पुस्तकात छापला गेला. तो लिहून काढायचं काम निनादने बसण्णांना दिलं. त्यांनी मराठीत लिहिला, मी कन्नडमध्ये केला, निनादने इंग्रजीत. नवीन सॉफ्टवेअर पुढे आलंच. त्याच्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारला, रिकामं ठेवलं तर काय दाखवतं? तो म्हणाला, "मॅडम, रिकामं कोण ठेवेल?" मी त्याला बसण्णांकडे पाठवलं.

आठ महिन्यांनी बसण्णा निवृत्त झाले. आमच्याकडे निरीक्षक जाताना त्याचा शिक्का ग्राइंडरवर घासून टाकतात, म्हणजे तो नंबर पुन्हा कुणाच्या हातात जाऊ नये. सगळे गोळा झाले होते. ठिणग्या उडाल्या, सात दिसेनासा झाला, टाळ्या वाजल्या. मग केळं आणि चिवडा खात आम्ही दोघं शेडच्या पायरीवर बसलो. मी एवढे महिने बोलायचं टाळलं होतं ते शेवटी बोलले. म्हटलं, "बसण्णा, त्या वेळी मी तीन दिवस गप्प बसले. तुम्हाला मीटिंगमध्येच कळलं ते."

ते केळं सोलत म्हणाले, "न्हाई. बुधवारीच कळलं हुतं. पॅकिंगला तुमचं प्रिंट आलं की. त्यात एक ओळ करडी. 'पाहिलं नाही' असं लिहिलेलं. तुमच्या शीटवर असं कधी बघितलो नव्हतो. म्हटलं, अक्काला घावलंय."

म्हणजे 'चा झाला काय' विचारताना त्यांना माहीत होतं. गुरुवारी मी उलटतपासणी घ्यायला गेले तेव्हाही माहीत होतं.

"मग बोलला का नाही? मालकांना सांगायचं. तुमची नोकरी जात होती!"

"काय सांगू? तुम्ही सांगणार का दडवणार, ते मी कुठं बघितलो हुतो अजून?" त्यांनी साल कागदात गुंडाळलं. "शुक्रवारपत्तूर तुमचा रकाना कोराच ठेवलो."

त्याच तीन दिवसांत मी मनातल्या मनात त्यांच्या नावापुढे कितीदा रिजेक्ट लिहिलं होतं, ते त्या पायरीवर त्यांना सांगायचं धैर्य मला झालं नाही. आज इथे लिहिलं. बसण्णा आता अथणीला असतात आणि मराठी नीट वाचतात. अंक निघाला की पहिली प्रत त्यांना पाठवणार आहे.